दिवाळीनंतर सातपुड्यात चार दिवस पायी: तिसऱ्या दिवसाची फजिती

वऱ्हाडी_पाय | १४ नोव्हेंबर, रात्री ९.१०

राजेहो, राम राम.

मागच्या आठवड्यात मी आणि माझा मावसभाऊ परतवाड्याच्या बाजूनं डोंगरात शिरलो आणि चौथ्या दिवशी चिखलदऱ्यात निघालो. एसटीनं हे अंतर तासा-सव्वातासाचं आहे. आम्ही गावागावांतून वळसे घेत घेत ते सत्तरेक किलोमीटरचं करून घेतलं. घरी सांगितलं तेव्हा बाबा म्हणाले, "पैसे देऊन यष्टी असताना पायी काहून जाता?" याला माझ्याजवळ आजही उत्तर नाही.

चारही दिवस लिहीत बसत नाही. पहिले दोन नीट झाले. चौथ्या दिवशी फक्त चहा प्यालो आणि गाडीत बसलो. तिसऱ्या दिवशी मी चुकलो, म्हणून तोच लिहितो.

पाठीवरची बॅग बारा किलोची, पाणी सोडून. तंबू, पांघरूण, गॅसची शेगडी, दशम्या, जवसाची चटणी, गूळ-फुटाणे, आणि आईनं जबरदस्तीनं कोंबलेला अनारशांचा डबा. त्या अनारशांचा पहिल्याच दिवशी भुगा झाला आणि पुढे तीन दिवस आम्ही तो चमच्यानं खाल्ला.

आदली रात्र एका कोरकू शेतकऱ्याच्या वावरात काढली होती. त्याची तूर उभी होती आणि रानडुकरांसाठी तो मचाणावर जागलीला होता. रात्रभर मधूनमधून पत्र्याचा डबा वाजवायचा. झोप तुकड्यातुकड्यानं झाली, पण ज्यानं आपल्या वावरात तंबू टाकू दिला त्याला डबा वाजवू नको म्हणून कोणत्या तोंडानं सांगणार? पहाटे थंडी अशी की शेगडी पेटवताना बोटं वळत नव्हती, आणि तंबू पिळून घ्यावा इतकं दव.

साडेसहाला आमचा सोबती आला. गावातलाच पोरगा, बावीस-तेवीसचा, दिवसाची रोजी ठरवून घेतलेला. पायात रबरी चप्पल, खांद्यावर काठी, काठीला पाच लिटरची गोडेतेलाची रिकामी कॅन, पाण्यानं तोंडापर्यंत भरलेली. आमच्याजवळ दोघांत मिळून तीन लिटर. मी म्हटलं, "एवढं ओझं काहून घेतलं गा? वाटेत नाला आहे ना." तो नुसता हसला.

पहिला दीड तास सागाच्या जंगलातून. सागाची पानं या दिवसांत हातात घेऊन पाहावीत. अळीनं सगळं खाऊन शिरा तेवढ्या ठेवलेल्या असतात. एक पान उचलून उन्हाकडे धरलं तर थेट मच्छरदाणी, त्यातून पलीकडचा डोंगर दिसला. लांबून अख्खा उतार विटकरी दिसतो तेव्हा आपल्याला वाटते पानगळ लागली. पानगळ कुठची? ती तर उन्हाळ्याच्या तोंडावर. हे सगळं अळीचं काम.

नऊनंतर गवत लागलं. कमरेइतकं, पिवळं, आणि कुसळ पिकलेली. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: कुसळीला पुढे सुईसारखं टोक आणि मागे लांब काळी शेपटी असते. शेपटी ओली झाली की पीळ सुटतो, ऊन लागलं की परत बसतो, म्हणजे ती स्वतःच फिरत फिरत आत शिरते. गवताच्या दृष्टीनं ही बी मातीत रोवायची सोय आहे. आमच्या बाबतीत माती म्हणजे मोजे. दर वीस मिनिटांनी दगडावर बसून आम्ही दोघं माकडांसारखे एकमेकांच्या पोटऱ्या निवडत होतो. सोबती उघड्या नळग्यांनी चालत होता. त्याला एकही टोचली नाही. चप्पल झटकायचा आणि उभा राहायचा, आमची वाट पाहत.

आता चूक. दहाच्या सुमारास एका खिंडीत वाट फुटली. सोबती म्हणाला, "वरच्या डोहावरून जाऊ. तास जास्त लागन, पन पानी हाय." मी फोन काढला. फोनच्या नकाशावर खालच्या वाटेला आडवी निळी रेष होती, चांगली ठळक. मी म्हटलं, इथं तर नाला दाखवते, इकडूनच जाऊ. आदल्या संध्याकाळी एका गुराखी म्हाताऱ्यानंही सांगितलं होतं, "तो नाला कोजागिरीलोकच. मंग त्याचा भरोसा नाही." मला ते आठवलंही. तरी मी निळी रेष धरली. सोबती म्हणाला, "तुमी म्हनता तसं," आणि निघाला.

साडेअकराला नाल्यात उतरलो. काळे गोटे, उन्हानं तापलेले, आणि गोट्यांवर वाळून पापुद्रे सुटलेलं शेवाळ. बस. आमच्या बाटल्यांत मिळून अर्धा लिटर शिल्लक होतं, आणि पुढे पठारापर्यंतची सगळी चढाई, दुपारच्या उन्हात, सावली नसलेल्या सालईच्या उतारावरून. मावसभाऊ काही बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं.

सोबत्यानं कॅन खाली ठेवली, आम्हाला एक-एक पेला दिला आणि नाल्यानं वर चालायला लागला. दोनशे-तीनशे पावलांवर नाला वळतो तिथं अर्जुनाचं एक झाड होतं, हिरवंगार, आणि त्याच्या मुळाशी वाळूचा छोटा पट्टा. त्यानं काठीनं वाळू टोकरली, मग हातानं. कोपरापर्यंत हात गेला तेव्हा वाळू ओली लागली. आणखी वीतभर खाली गेल्यावर पाणी पाझरायला लागलं. पहिलं गढूळ पाणी त्यानं ओंजळीनं उपसून फेकलं, दुसरंही फेकलं, तिसऱ्यांदा थांबला. झिरा! हा शब्द मी आजीच्या तोंडून ऐकलेला. उन्हाळ्यात नदीत झिरे खोदायच्या म्हणे. स्वतःच्या डोळ्यांनी पस्तीस वर्षांच्या वयात पहिल्यांदा पाहिला.

पाच लिटर भरायला पाऊण तास लागला, पेल्या-पेल्यानं. फडक्यातून गाळलं, क्लोरीनची गोळी टाकली, अर्धा तास थांबलो. तोवर दशम्या खाल्ल्या. सोबती थांबला नाही, तसाच प्याला.

चढ दोनला सुरू केला, जो अकराला सुरू व्हायला पाहिजे होता. सालईच्या खोडांवर ऊन पडून डिंकाचा वास सुटला होता, एरवी मला आवडला असता. पठारावर पोचलो तेव्हा दिवस बुडत होता. मोथ्याच्या अलीकडे एका गवळ्याच्या घरी पडवीत जागा मिळाली. त्यांनी पितळी पेल्यात तापवलेलं म्हशीचं दूध दिलं. मी दोन पेले प्यालो, भाऊ चार.

एकवीस किलोमीटर, साडेअकरा तास. कोणी जाणार असेल तर विचारा.

---

बोंडअळी | १४ नोव्हेंबर, रात्री ९.३८

लेका, इकडं आमच्या घरी कापूस वेचाले मानूस भेटत नाही अन् तुमी बारा किलो पाठीवर घेऊन फुकट फिरून ऱ्हायले. माया वावरात या, पाठीवर गाठोडं बी देतो अन् रोजी बी देतो. कुसळ बी हाय धुऱ्यावर.

चेष्टा जाऊ द्या. लिवलं मस्त. अनारशाचा भुगा वाचून बायको हासून हासून खाली बसली.

---

टेकडीवाला_पुणे | १४ नोव्हेंबर, रात्री १०.०५

अप्रतिम! विदर्भात असं काही ट्रेकिंग आहे हे आम्हाला कुठे माहीत? कृपया जीपीएस ट्रॅक टाका. डिसेंबरमध्ये आमचा पंचवीस जणांचा ग्रुप येऊ शकतो. गाडी कुठपर्यंत जाते? कॅम्पफायरला जागा आहे का?

---

माजी_वनरक्षक | १५ नोव्हेंबर, सकाळी ६.२०

वऱ्हाडी_पाय, परवानगी घेतली होती का, हे लेखात नाही. ते पहिल्या ओळीत पाहिजे होतं. तुम्ही वाचणाऱ्यांना वाट दाखवता, दार दाखवत नाही.

मेळघाट १९७३-७४ पासून व्याघ्र प्रकल्प आहे, देशातल्या पहिल्या नऊमधला. अभयारण्यात परवान्याशिवाय पाय ठेवता येत नाही, १९७२ च्या कायद्यानं. राखीव जंगलातही आपल्या मर्जीनं तंबू ठोकता येत नाही. पुण्याच्या साहेबांनी कॅम्पफायर हा शब्द इथंच सोडावा. कुसळीचं वाळलेलं गवत कसं पेटतं ते मी पाहिलं आहे. कागदावर आगीचा हंगाम १५ फेब्रुवारीपासून धरतात, गवत कागद वाचत नाही.

बाकी झिऱ्याबद्दल. पोरानं अर्जुनाचं झाड पाहून खोदलं हे बरोबर. दिवाळीनंतर नाल्यात जे झाड सगळ्यात हिरवं असेल, त्याच्या मुळाशी बघायचं. अर्जुन, जांभूळ, उंबर. आणि नाल्याच्या वळणावर, जिथं वाळू साचते. सरळ उताराला नुसता खडक असतो, तिथं खोदून नखं तुटतात. नोकरीत आम्हाला हे कोणी शिकवलं नाही, कोरकू मजुरांनी शिकवलं. शिवाय झिऱ्यावर बसण्याआधी भोवतालची वाळू पाहायची. पंजा ताजा असेल तर पाणी सोडायचं आणि बोलत बोलत निघायचं. तिथं तहान फक्त आपल्यालाच लागते असं नाही.

---

वऱ्हाडी_पाय | १५ नोव्हेंबर, सकाळी ८.४५

काका, चूक मान्य. परवानगीचं लिहायचं राहिलं. वनपरिक्षेत्र कार्यालयात पंधरा दिवस आधी अर्ज घेऊन गेलो होतो. त्यांनी कोणत्या वाटा चालतील, कोणत्या नाही, ते सांगितलं, आणि गावातला माणूस सोबत पाहिजे ही अट त्यांचीच. अभयारण्याच्या हद्दीत शिरलो नाही. गावाच्या वहिवाटीच्या वाटा सोडल्या नाहीत. मुक्काम वावरात नाहीतर घराच्या पडवीत. चूल पेटवली नाही, गॅसवरच भागवलं.

ताज्या पंजाचं मात्र आम्ही पाहिलंच नाही. सोबत्यानं पाहिलं असावं. खोदायच्या आधी तो दोन मिनिटं उकिडवा बसला होता, मला वाटलं दम खातो.

टेकडीवाला_पुणे, ट्रॅक टाकत नाही, राग मानू नका. पंचवीस माणसं एका वावरात झोपली तर तुरीचं काय होईल? आणि त्या झिऱ्यातून पाच लिटरला पाऊण तास लागला. तुमच्या पंचवीस जणांना दोन-दोन लिटर म्हटलं तर साडेसात तास. दोन-तीन जण या, मी सोबत्याचा नंबर खासगीत देतो, त्याला विचारून.

---

संत्रावाला_वरूड | १५ नोव्हेंबर, दुपारी १.३०

बाप्पा, त्या उतारावरून तुम्ही बारा किलो घेऊन चढले तर एवढं लिहिलं. १८०३ च्या डिसेंबरात गाविलगडासाठी इंग्रजांच्या स्टीव्हनसनच्या फौजेनं तोफा याच डोंगरांतून ओढत किल्ल्याच्या उत्तर बाजूला नेल्या, रस्ता नसताना. १५ डिसेंबरला किल्ला पडला, ३० तारखेला सुर्जी-अंजनगावचा तह झाला आणि भोसल्यांच्या पाठोपाठ शिंदेही गपगार झाले. तोफा ओढणाऱ्या बैलांना पाणी कोणत्या झिऱ्याचं पाजलं, हे मात्र कोणी लिहून ठेवलं नाही.

---

फ्लॅगस्टाफकर | १५ नोव्हेंबर, रात्री ११.५०

मी मूळ अंजनगाव सुर्जीचा, वरचा तह वाचून बरं वाटलं. सध्या अमेरिकेत ॲरिझोनात राहतो, गावाचं नाव आयडीत आहेच. तुमचा नाला वाचून राहवलं नाही.

लोकांना ॲरिझोना म्हणजे वाळू आणि निवडुंग वाटतं. आमचं गाव एकवीसशे मीटरवर आहे, चिखलदऱ्याच्या जवळपास दुप्पट उंचीवर, आणि भोवती पॉन्डेरोसा पाइनचं जंगल. कोरडं जंगल. हवेत ओल अशी नाहीच, ओठ फुटतात, भाकरी तासात कडक होते. इथून ॲरिझोना ट्रेल जाते: युटाच्या हद्दीपासून मेक्सिकोच्या हद्दीपर्यंत, आठशे मैल, म्हणजे तेराशे किलोमीटरच्या आसपास. शरदात चालणारे उत्तरेकडून निघून दक्षिणेला उतरतात, थंडीच्या पुढे पुढे. मी सगळी चाललेलो नाही, ऑक्टोबरात पाच-सहा दिवसांचे तुकडे करतो.

त्यातला एक दिवस तुमच्या दिवसाला लावून पाहतो. सकाळी बाटलीत बर्फ. पाण्याचा फिल्टर रात्री पांघरुणात पोटाशी घेऊन झोपावं लागतं, कारण तो एकदा गोठला की आतल्या बारीक नळ्या तडकतात आणि बाहेरून काही कळत नाही. पहिल्या वर्षी मी तो बाहेर ठेवला होता. आमच्याकडे दव नाही, तुमचा पिळून घ्यायचा तंबू ऐकून हेवा वाटला. उजाडताना एल्क ओरडतात. हरणाच्या जातीचं जनावर, उंचीला घोड्याएवढं, आणि आवाज मात्र गंजलेल्या बिजागरीसारखा. शिकारीचा हंगाम असतो म्हणून आपण भगवा-नारिंगी झगझगीत जाकीट घालून चालायचं, हरीण समजून कोणी बार टाकू नये म्हणून.

पाणी? नदी-नाले नावाला. पाणी असतं ते गुरांसाठी खोदलेल्या तळ्यांत. मातीचा बांध घातलेलं तळं, अगदी आपलं शेततळं, फक्त प्लास्टिक नाही. चहाच्या रंगाचं पाणी, काठावर गाईंचे खूर उमटलेले, शेण. रुमालातून गाळायचं, मग फिल्टरमधून. दोन तळ्यांमध्ये तीस-तीस किलोमीटर जातात, म्हणून पाच-सहा लिटर पाठीवर. लिटरला किलो. तुमच्या सोबत्याची तेलाची कॅन वाचली तेव्हा मला आमच्याकडचे अनुभवी लोक आठवले, ते महागड्या पिशव्या सोडून साध्या बाटल्या भरून घेतात.

आणि वास. दुपारी पॉन्डेरोसाच्या सालीला नाक लावलं तर व्हॅनिलाचा वास येतो. हसू नका, खरंच येतो. इथं लोक झाडाला मिठी मारून वास घेताना दिसतात. पहिल्यांदा घेतला तेव्हा मला आजोळच्या देव्हाऱ्यातला सालईचा धूप आठवला. दोन्ही वास सारखे नाहीत. आठवला एवढं खरं.

---

बोंडअळी | १६ नोव्हेंबर, सकाळी ७.०२

म्हंजे भाऊ, अमेरिकेत जाऊन तुमी ढोराच्या टाक्यातलंच पानी पेता? अंजनगावात काय कमी पडलं होतं?

---

फ्लॅगस्टाफकर | १६ नोव्हेंबर, सकाळी ७.४०

आईनं अगदी हेच विचारलं होतं, शब्दही हेच.

---

धारणीची_मास्तरीण | १६ नोव्हेंबर, दुपारी ४.१५

मी धारणी तालुक्यात शिकवते, अकरा वर्षं झाली. लेख आवडला, एक गोष्ट खटकली. सगळ्यांची आयडी आहे, ज्यानं झिरा खोदला तो फक्त "सोबती". नाव लिहू नका, त्याची परवानगी नसेल तर ठीकच आहे. पण तो "नुसता हसला", "तुमी म्हनता तसं" म्हणाला, एवढ्यावरून तो गरीब गाय वाटतो. तसं नसतं हो. रोजी देणाऱ्याशी वाद घालायचा नाही, हे इथली पोरं लवकर शिकतात. तुम्ही त्याला रोजी देत होतात. नकाशापेक्षा त्याचं ऐकलं असतंत तर तो बोललाही असता.

दुसरं, जरा मास्तरकीचं. कोरकूत पाण्याला "डा" म्हणतात. ही मुंडा कुळातली भाषा आहे, त्या कुळातली सगळ्यात पश्चिमेकडची. बाकीची भावंडं झारखंड-ओडिशाकडे. माझ्या वर्गात पहिलीची मुलं तहान लागली की मराठी विसरतात, "बाई, डा" एवढंच म्हणतात.

आणि नकाशाच हवा असेल तर गावांची नावं वाचा ना. सेमाडोह, आमझरी, पायविहीर. डोह, झरी, विहीर, सगळं लिहूनच ठेवलं आहे. तुमच्या निळ्या रेषेला नाव होतं का?

---

वऱ्हाडी_पाय | १६ नोव्हेंबर, संध्याकाळी ६.५०

बाई, बरोबर बोललात. नाव नव्हतं. आत्ता परत उघडून पाहिलं, नुसती रेष आहे.

सोबत्याबद्दल: पडवीत जेवताना मी त्याला विचारलं होतं, "तुला माहीत होतं ना तिथं पाणी नाही?" तो म्हणाला, "मालूम होतं. मनून तं कॅन घेतली." म्हणजे मी खिंडीत काय करणार हे त्याला सकाळी साडेसहालाच माहीत होतं. हे लेखात लिहायची लाज वाटली म्हणून गाळलं होतं.

पायविहिरीवरून आठवलं. पहिल्या दिवशी तिथूनच गेलो. गावाला २०१२ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला आणि उजाड टेकडी गावानं परत उभी केली. तिथली सीताफळं खाल्ली का कोणी? आम्ही गेलो तेव्हा हंगाम सरत आला होता, तरी दोन डोळे फुटलेली मिळाली. बी थुंकत थुंकत अर्धा तास चाललो. त्या दिवशी पाण्याची आठवणसुद्धा झाली नाही.

---

डॉक्टरीणबाई | १६ नोव्हेंबर, रात्री ९.२५

धागा छान रंगला आहे, म्हणून मुद्दाम बिब्बा घालते. तुम्ही दर वीस मिनिटांनी गवतात बसून कुसळी काढत होतात. पावसाळा संपता संपता आपल्या भागात स्क्रब टायफसचे रुग्ण येतात. २०१८ मध्ये नागपूर आणि आसपास बरेच आले होते. गवतात-झुडपांत माइट नावाच्या बारीक किड्याची डोळ्यांना न दिसणारी पिल्लं असतात, ती चावतात. चावलेलं कळत नाही. आठवडा ते तीन आठवड्यांनी जोराचा ताप, डोकेदुखी. काख, जांघ, कमरपट्ट्याच्या खाली एक काळी खपली दिसते, सिगारेटनं डागल्यासारखी, आणि ती दुखत नाही, म्हणून कोणी दाखवतच नाही. वेळेत ओळखलं तर डॉक्सिसायक्लिन या साध्या, स्वस्त औषधानं बरं होतं. उशीर झाला तर जीवावर बेततं.

तुमचा तिसरा दिवस होऊन आठवडा झाला आहे. पुढचे पंधरा दिवस तुम्हाला किंवा भावाला ताप आला तर "थंडीतून आलो म्हणून असेल" असं म्हणू नका. डॉक्टरकडे जाऊन आधी "जंगलात गवतात बसलो होतो" हे सांगा. सोबत्यालाही कळवा, तो रोजच तिथं असतो.

गवतात थेट बसायचं नाही, दगडावर किंवा सतरंजी टाकून. कपडे गवतावर वाळत घालायचे नाहीत. घरी आल्यावर गरम पाण्यानं घसघसून आंघोळ आणि कपडे लगेच धुवायला.

---

वऱ्हाडी_पाय | १६ नोव्हेंबर, रात्री ९.४०

बसलो दगडावरच, पण ओला तंबू सकाळी गवतावरच वाळवला. सोबत्याला आत्ता फोन करून सांगितलं. भाऊ आत्ता आरशासमोर काखा पाहतो आहे.

---

माजी_वनरक्षक | १७ नोव्हेंबर, सकाळी ६.०५

डॉक्टरांचं सगळ्यांनी लिहून घ्यावं. आमच्या काळी तापाला सरसकट मलेरिया म्हणायचे.

अस्वलाचं कोणी विचारलं नाही, मीच सांगतो. तुमच्या वाटेवर फोडलेली वारुळं दिसली असतील, बुडाशी खोल भोक पडलेलं. ते अस्वलाचं काम, उधई खायला. पहाटे आणि दिवस बुडताना दाट झाडीतून मुकाट्यानं चालू नये. अस्वलाला ऐकू येऊ द्यावं की माणूस येतो आहे. वाघ आपल्याला पाहून बाजूला होतो. अस्वल खाण्यात गुंग असलं की दचकतं, आणि दचकलं की अंगावर येतं. तुम्ही अंधार पडता पडता पठारावर पोचलात, ते त्या निळ्या रेषेमुळे. पाण्याची चूक फक्त तहानेपुरती राहत नाही ती अशी.

रानात काही अडचण आली तर वनविभागाचा १९२६ नंबर आहे. रेंज असेल तिथून.

---

टेकडीवाला_पुणे | १७ नोव्हेंबर, दुपारी १२.३०

सगळं वाचलं. पंचवीसचे तीन झालो आहोत. कॅम्पफायर नाही, ट्रॅक नाही, मान्य. फक्त दोन प्रश्न. एक, पँट कोणती घालावी म्हणजे कुसळ लागणार नाही? दोन, वरच्या डोहाला डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात पाणी असेल का?

---

बोंडअळी | १७ नोव्हेंबर, दुपारी १२.४४

लुंगी.

---

वऱ्हाडी_पाय | १७ नोव्हेंबर, रात्री ८.१५

पँट गुळगुळीत नायलॉनची घ्या, आणि मोजे पँटच्या आत झाका. सुती आणि लोकरी मोजे अजिबात नको. माझे दोनदा धुतले, काल परत घातले तर टाचेत एक निघालीच.

डोहाचं मी सांगत नाही. सोबत्याला फोन लावला होता. तो म्हणाला, यंदा शेवटचा पाऊस बरा झाला, वरचा डोह पुसाच्या महिन्यालोक पुरन, पण निघायच्या आठ दिवस आधी परत फोन करा, तो गुरं घेऊन गेला की पाहून सांगन. आणि पाण्याची कॅन तुमची तुम्ही आणा म्हणे, या वेळी तो स्वतःपुरतीच घेणार आहे.